प्रोफाइलिंगसाठी प्रोग्रॅम कंपाइल आणि लिंक कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोफाइलिंग म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ नेमका कुठे जातो ते मोजणं. त्याबद्दल सी, सी++ आणि फोरट्रानमध्ये काम करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः लिनक्स आणि जीसीसी हा कंपाइलर धरून आहेत. क्लँगवर बहुतेक सगळं तसंच चालतं. मॅक आणि विंडोजबद्दल प्रश्न 16 मध्ये थोडक्यात आहे. सगळ्या उत्तरांच्या मागे एकच आग्रह आहे: जी बायनरी (कंपाइल होऊन तयार झालेली प्रोग्रॅमची फाइल) लोकांच्या हातात जाणार आहे, तिच्याशी शक्य तितकी मिळतीजुळती बायनरी मोजा. तिच्यापासून जितके दूर जाल, तितके आकडे दुसऱ्याच प्रोग्रॅमचे होत जातात.

1. प्रोफाइलर तर चालू प्रोग्रॅमला जोडता येतो. मग वेगळं कंपाइल करायची गरजच काय?

प्रोफाइलर दोन प्रकारे काम करतात. पहिला प्रकार सॅम्पलिंगचा. ठरावीक अंतराने प्रोसेसर कुठे आहे ते बघायचं आणि त्याची नोंद ठेवायची. लिनक्सवरचा पर्फ असा आहे. तो 2009 मध्ये कर्नल 2.6.31 बरोबर आला. त्याला प्रोग्रॅममध्ये काहीही घुसडावं लागत नाही. पण तो जे पत्ते नोंदवतो त्यांची फंक्शनची नावं आणि ओळी लावायच्या, तर बायनरीत ती माहिती असावी लागते. नसेल तर रिपोर्टमध्ये नुसते हेक्साडेसिमल आकडे दिसतात.

दुसरा प्रकार इन्स्ट्रुमेंटेशनचा. इथे कंपाइलर स्वतःच प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला नोंद करणारा कोड घालतो. जीप्रॉफ या घरातला आहे, पण वेळ मोजायला तोही सॅम्पलिंगच वापरतो. फक्त कॉलची मोजणी इन्स्ट्रुमेंटेशनने होते. सुझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅकुसिक यांनी बर्कलीत तो बनवला आणि 1982 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्यासाठी मात्र नव्याने कंपाइल आणि लिंक करण्याला पर्याय नाही.

2. इथे फ्लॅग (कंपाइलरला द्यायचे पर्याय) देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ते कसे टाइप करू?

अर्थात रोमन अक्षरांत. `-पीजी`, `-जी` आणि `-एफ`ने सुरू होणारे सगळे फ्लॅग लहान लिपीत लिहायचे. `-ओ2`मधला ओ मात्र कॅपिटल आहे आणि त्यापुढे अंक येतो. लहान ओ हा आउटपुट फाइलचं नाव देणारा वेगळाच फ्लॅग आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावं सगळी कॅपिटलमध्ये.

3. अगदी सुरुवात करतोय. नेमके कोणते फ्लॅग घालू?

नेहमीच्या रिलीज बिल्डचे फ्लॅग जसेच्या तसे ठेवा आणि त्यात दोनच जोडा:

`-ओ2 -जी -एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर`

`-जी`मुळे नावं आणि ओळी मिळतात. तिसऱ्या फ्लॅगमुळे कोणी कोणाला बोलावलं ती साखळी मिळते. एवढं करून पर्फ चालवा. दहापैकी नऊ जणांना पुढचं काहीच लागत नाही. `-पीजी` ही पहिली पायरी नव्हे. कॉलचे नेमके आकडे हवे असतील किंवा मशीनवर पर्फची परवानगी नसेल, तेव्हाच तिकडे वळा.

रिलीज बिल्डमध्ये `-मार्च`, `-डीएनडीबग` असं काही असेल तर तेही राहू द्या. `-डीएनडीबग` गाळलं की सगळे असर्ट (कोडमधल्या अटी तपासणाऱ्या ओळी) पुन्हा जिवंत होतात. मग एखाद्या आतल्या लूपमधला असर्टच सर्वांत महाग ठरतो आणि तुम्ही नसलेल्या दुखण्यावर औषध शोधत बसता.

4. `-जी` घातल्यावर प्रोग्रॅम हळू चालतो ना?

नाही. जीसीसीमध्ये `-जी`मुळे मशीन कोड बदलत नाही. डीबगची माहिती फाइलच्या वेगळ्या सेक्शनमध्ये जाते आणि प्रोग्रॅम चालताना ती मेमरीत चढवलीच जात नाही. फाइल मोठी होते आणि लिंकिंगला जास्त वेळ लागतो, एवढंच. `-जी` म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, हा समज जुन्या कंपाइलरांच्या काळापासून टिकून आहे. जीसीसीत `-जी` आणि `-ओ2` एकत्र खुशाल वापरा.

5. `-ओ0`वर ओळी नीट जुळतात. मग प्रोफाइल त्यावरच घेऊ का?

नको. ऑप्टिमायझेशन बंद असलं की प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत लिहिलं जातं आणि पुन्हा वाचलं जातं. छोटी फंक्शन इनलाइन होत नाहीत, म्हणजे त्यांचा कोड बोलावणाऱ्यातच मिसळला जात नाही. सी++मध्ये तर व्हेक्टरचा साधा इंडेक्स घेणं हाही एक खराखुरा फंक्शन कॉल होतो. अशा बिल्डमध्ये जे फंक्शन वर दिसतं ते `-ओ2`मध्ये पार नाहीसं झालेलं असू शकतं, आणि खरा अडसर खाली दबून राहतो. ओळी थोड्या मागेपुढे दिसल्या तरी चालतील, आकडे खरे हवेत.

सीमेक वापरणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. बिल्ड टाइप दिलाच नाही तर सीमेक स्वतःहून कुठलाही ऑप्टिमायझेशन फ्लॅग घालत नाही, म्हणजे नकळत `-ओ0`च मोजलं जातं. `रेलविथडेबइन्फो` हा टाइप निवडा. जीसीसीवर तो `-ओ2 -जी -डीएनडीबग` देतो.

6. `-पीजी` नक्की काय करतो? कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळी द्यायचं कारण काय?

दोन पायऱ्यांत त्याची कामं वेगळी आहेत. बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंपाइल करताना कंपाइलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला `एमकाउंट` नावाच्या रूटीनला कॉल घालतो. कोणी बोलावलं आणि कोणाला, याची जोडी हे रूटीन मोजतं.

लिंक करताना वेगळंच घडतं. `मेन` चालू होण्याआधी जो छोटा कोड चालतो, तो नेहमी `सीआरटी1.ओ` या फाइलमधून येतो. `-पीजी` दिलं की त्याऐवजी `जीसीआरटी1.ओ` जोडली जाते. ही फाइल सुरुवातीला मोजणीसाठी मेमरी घेते, सॅम्पलिंगचा टायमर लावते, आणि प्रोग्रॅम संपताना `जीमॉन.आउट` लिहिण्याची व्यवस्था करून ठेवते.

आता लिंक करताना `-पीजी` विसरलात तर? लिनक्सवर `एमकाउंट` जीलिबसी या मूळ सी लायब्ररीमध्येच असल्यामुळे लिंकर तक्रार करत नाही. प्रोग्रॅम बनतो, चालतो, प्रत्येक कॉलला `एमकाउंट`चा भुर्दंडही भरतो, आणि शेवटी फाइल मात्र निघत नाही. उलट, फक्त लिंक करताना दिलं तर फाइल निघते, वेळेचे नमुने मिळतात, पण कॉलची संख्या आणि कॉल ग्राफ रिकामा राहतो.

खातरजमा करायची तर `एनएम` कमांडने बायनरीची सिम्बॉल (आतल्या फंक्शन-व्हेरिएबलची नावं) पाहा. `__जीमॉन_स्टार्ट__` हे नाव साध्या प्रोग्रॅममध्येही सापडतं, त्याला भुलू नका. त्याच्या डाव्या अंगाचं अक्षर बघा: साध्या बायनरीत तिथे लहान डब्ल्यू असतो, म्हणजे व्याख्या नसलेलं वीक सिम्बॉल. `-पीजी`ने लिंक केलेल्या बायनरीत कॅपिटल टी असतो, म्हणजे तो कोड खरोखर आत आलेला आहे.

7. दोन्ही ठिकाणी `-पीजी` दिलं, तरी `जीमॉन.आउट` तयार होत नाही. का?

ही फाइल प्रोग्रॅम रीतसर संपतानाच लिहिली जाते, म्हणजे `मेन`मधून परत आल्यावर किंवा `एक्झिट` बोलावल्यावर. कंट्रोल-सीने थांबवला, `किल` केला, क्रॅश झाला किंवा कोडमध्ये `_एक्झिट` वापरलं असेल तर फाइल मिळणार नाही. कधीच न थांबणाऱ्या सर्व्हरची हीच अडचण असते. सिग्नल हँडलरमध्ये एक फ्लॅग व्हेरिएबल सेट करा, मुख्य लूपने ते पाहून बाहेर पडावं आणि `मेन`मधून परतावं. हँडलरमधूनच `एक्झिट` बोलावणं सुरक्षित नाही.

फाइल कदाचित तयार झालीही असेल, पण दुसरीकडे. प्रोग्रॅम संपताना जी चालू डिरेक्टरी असेल तिथे ती लिहिली जाते. मधेच `सीएचडीर` केलं असेल तर ती तिथे शोधा. तिथे लिहायची परवानगी नसेल तर फाइल बनत नाही. पुन्हा चालवलं की जुनी फाइल पुसली जाते, हेही ध्यानात ठेवा.

8. फाइल मिळाली, पण जीप्रॉफ सगळीकडे शून्य दाखवतो. असं का?

नमुने सेकंदाला शंभर घेतले जातात, म्हणजे एका नमुन्याची किंमत 0.01 सेकंद. प्रोग्रॅम चुटकीसरशी संपत असेल तर हाती काहीच लागत नाही. इनपुट वाढवा, निदान काही सेकंद तरी चालू द्या. टायमर फक्त प्रोसेसरवरचा वेळ मोजतो, त्यामुळे डिस्क, नेटवर्क किंवा लॉकसाठी ताटकळलेला वेळ त्यात कधीच येणार नाही. सगळा वेळ बाहेरच्या शेअर्ड लायब्ररीत जात असेल तरी हेच दिसतं. त्यासाठी प्रश्न 12 पाहा.

आणखी एक कारण पीआयईचं, म्हणजे मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चढवता येणाऱ्या बायनरीचं. उबुंटूने 16.10पासून आणि डेबियनने आवृत्ती 9पासून प्रोग्रॅम बाय डिफॉल्ट पीआयई स्वरूपात बनवायला सुरुवात केली. अशा बायनरीचा लोड होण्याचा पत्ता दर वेळी बदलतो, आणि काही आवृत्त्यांवर जीप्रॉफला त्याचा मेळ घालता येत नाही. कंपाइल करताना `-एफनो-पीआयई` आणि लिंक करताना `-नो-पीआयई` देऊन पुन्हा बिल्ड करून बघा.

शून्याऐवजी भलतीच नावं दिसत असतील तर बायनरी आणि फाइल यांची जोडी तुटली आहे. `जीमॉन.आउट` मिळाल्यावर पुन्हा कंपाइल केलं की पत्ते सरकतात. ज्या बायनरीने फाइल लिहिली तीच जीप्रॉफला द्या.

9. माझं महत्त्वाचं फंक्शन यादीत दिसतच नाही. कुठे गेलं?

बहुधा ते इनलाइन झालं. `-ओ2`वर छोटी फंक्शन, आणि एकाच ठिकाणाहून बोलावलेली स्टॅटिक फंक्शन, बोलावणाऱ्याच्या पोटात जातात आणि त्यांचा वेळ त्याच्या नावावर चढतो. `-जी` असेल तर पर्फ इनलाइन झालेली नावंही उलगडून दाखवू शकतो. जीप्रॉफला ते जमत नाही. त्या एका फंक्शनवर `नोइनलाइन` ॲट्रिब्यूट लावून बघा. सगळ्या प्रोग्रॅमवर `-एफनो-इनलाइन` मारू नका, नाहीतर प्रश्न 5 मधली अडचण मागच्या दाराने परत येते.

फंक्शन यादीत आहे पण साखळीत त्याचा बोलावणारा गायब, असं असेल तर ते टेल कॉलमुळे. शेवटचा कॉल कंपाइलर साध्या उडीत बदलतो आणि मधली फ्रेम उरत नाही. `-एफनो-ऑप्टिमाइझ-सिब्लिंग-कॉल्स`ने हे थांबतं.

एका विचित्र प्रसंगाबद्दलही विचारणा होते: कधीही न बोलावलेलं फंक्शन यादीत वर दिसतं. लिंकर गोल्ड किंवा एलएलडी असेल आणि आयसीएफ चालू असेल, तर मशीन कोड तंतोतंत सारखा असलेली फंक्शन एकत्र केली जातात आणि उरतं एकच नाव. टेम्प्लेट भरपूर असलेल्या कोडमध्ये हे हमखास घडतं. मोजणीपुरतं आयसीएफ बंद ठेवा.

10. मेकफाइलमध्ये फ्लॅग बदलले, पण काहीच फरक पडला नाही.

मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतो, फ्लॅग बदलले ते त्याला कळत नाही. जुन्या ऑब्जेक्ट फाइल तशाच राहतात आणि नव्याने फक्त लिंक होतं. `मेक क्लीन` करा, किंवा प्रोफाइलिंगसाठी बिल्डची डिरेक्टरीच वेगळी ठेवा. ते कधीही बरं. `-पीजी` द्यायचं असेल तर ते `सीफ्लॅग्स` आणि `एलडीफ्लॅग्स` दोन्हींत घाला. सीमेकमध्ये कंपाइलर फ्लॅग आणि एक्झिक्युटेबल लिंकर फ्लॅग अशा दोन व्हेरिएबलमध्ये. `-एफएलटीओ` (लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन) वापरत असाल तर खरा कोड लिंकच्या वेळीच तयार होतो, म्हणून ऑप्टिमायझेशन, `-जी` आणि फ्रेम पॉइंटरचे फ्लॅगही लिंक कमांडमध्ये पुन्हा द्या.

11. पर्फच्या कॉल ग्राफमध्ये साखळी अर्धवट तुटते, मधे 'अननोन' येतं. काय करू?

एक्स86-64वर ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपाइलर फ्रेम पॉइंटर (स्टॅकवर चालू फंक्शनची जागा दाखवणारा पत्ता) गाळतो आणि त्याचं रजिस्टर दुसऱ्या कामाला लावतो. पर्फ मात्र साधारणपणे त्याच पॉइंटरांच्या माळेवरून वर चढत जातो. माळ तुटली की साखळी तुटली. प्रश्न 3 मधला फ्लॅग त्यासाठीच आहे. ज्यांच्यातून पुढे कोणालाच कॉल जात नाही अशा लीफ फंक्शनांत तरीही पॉइंटर गाळला जात असेल, तर लगेच वरचा बोलावणारा साखळीतून वगळला जातो. तेव्हा `-एमनो-ओमिट-लीफ-फ्रेम-पॉइंटर`ही जोडा.

पण फ्लॅग फक्त तुमच्या कोडला लागू होतात. डिस्ट्रोच्या लायब्ररीतून जाणारी साखळी तिथे तुटणारच. फेडोराने 38व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने 24.04पासून आपली पॅकेजेस फ्रेम पॉइंटर ठेवून बांधायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या सिस्टिमवर हा त्रास बराच कमी झाला आहे. जुन्या सिस्टिमवर पर्फला कॉल ग्राफसाठी डीबगच्या माहितीवरून साखळी लावणारी `ड्वार्फ` पद्धत सांगा. तीत दर नमुन्याला स्टॅकचे 8192 बाइट उचलून ठेवले जातात, म्हणून डेटा फाइल बघता बघता फुगते. नमुन्यांचा दर कमी ठेवा आणि थोडाच वेळ मोजा.

12. शेअर्ड लायब्ररीतलं फंक्शन जीप्रॉफमध्ये का येत नाही?

जीप्रॉफचा हिशेब मुख्य एक्झिक्युटेबलच्या पत्त्यांपुरताच असतो. `.एसओ` फाइल `-पीजी`ने कंपाइल केली तरी तिच्यात गेलेला वेळ त्या हिशेबात बसत नाही. लायब्ररी तुमची असेल तर मोजणीपुरती ती स्टॅटिक लिंक करा. जीलिबसीत `एलडी_प्रोफाइल` व्हेरिएबल आणि `एसप्रॉफ` हे साधन आहे, पण ते एका वेळी एकाच लायब्ररीकडे बघतं. माझं सांगणं, इथे सरळ पर्फ वापरा. प्रोसेसमध्ये लोड झालेलं सगळं त्याला दिसतं, `डीएलओपन`ने उशिरा आलेलंसुद्धा.

13. थ्रेड, फोर्क आणि एमपीआय असेल तर?

पुण्यातल्या सी-डॅकसारख्या ठिकाणच्या क्लस्टरवर फोरट्रान आणि एमपीआय (अनेक प्रोसेसमध्ये काम वाटून चालवायची पद्धत) चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. जीफोरट्रान हेच सगळे फ्लॅग घेतो. `एमपीआयसीसी`सारखे रॅपर ते आतल्या कंपाइलरकडे पोचवतात, फक्त लिंकच्या ओळीतही ते द्यायला हवेत.

एमपीआयमध्ये प्रत्येक रँक, म्हणजे त्यातली एकेक प्रोसेस, त्याच डिरेक्टरीत `जीमॉन.आउट` लिहितो आणि शेवटी लिहिणाऱ्याचीच फाइल उरते. `जीमॉन_आउट_प्रीफिक्स` हे व्हेरिएबल सेट केलं की फाइलच्या नावाला प्रोसेस आयडी जोडला जातो. मात्र दोन नोडवर आयडी सारखा निघू शकतो, म्हणून छोट्या रॅपर स्क्रिप्टमधून प्रीफिक्समध्ये होस्टचं नाव घाला. नंतर जीप्रॉफच्या `-एस` पर्यायाने सगळ्या फाइलींची बेरीज करता येते. बेरजेआधी एकेक रँक वेगळा बघा, कारण एकाच रँकवर पडलेला बोजा बेरजेत लपतो.

थ्रेड असताना जीप्रॉफच्या कॉल संख्येवर भिस्त ठेवू नका. एका थ्रेडची नोंद चालू असताना दुसरा `एमकाउंट`मध्ये आला तर जीलिबसी ती नोंद सोडून देते. फोर्क केलेल्या चाइल्डला टायमर वारशात मिळत नाही, त्यामुळे त्याचा वेळ मोजलाच जात नाही. तिन्ही बाबतींत पर्फ जास्त भरवशाचा.

14. जीप्रॉफ म्हणतो एका फंक्शनमुळे सगळा वेळ जातोय. ते सुधारलं, तरी फरक नाही. आकडे खोटे आहेत का?

फंक्शनचा स्वतःचा वेळ साधारण बरोबर असतो. बोलावणाऱ्यांमध्ये त्याची वाटणी मात्र अंदाजाने होते. प्रत्येक कॉलला सारखाच वेळ लागतो असं जीप्रॉफ धरून चालतो.

समजा, सॉर्ट करणारं एक फंक्शन आहे. 'यादी' त्याला 99 वेळा बोलावतं, दर वेळी दहा घटक देऊन. 'अहवाल' एकदाच बोलावतं, दहा लाख घटक देऊन. सॉर्टमध्ये एकूण 2 सेकंद गेले. जीप्रॉफ त्याला 100ने भागतो, प्रत्येक कॉलला 0.02 सेकंद धरतो, आणि 'यादी'च्या नावावर 1.98 सेकंद मांडतो. 'अहवाल'ला उरतात 0.02. खरं चित्र याच्या बरोबर उलटं आहे, आणि तुम्ही आठवडाभर 'यादी'वर घाम गाळता. पर्फसारखी साधनं दर नमुन्याला पूर्ण साखळी टिपतात, म्हणून ती इथे फसत नाहीत.

15. `-पीजी`मुळे माझा प्रोग्रॅम फारच हळू झाला. काही भागच मोजता येईल का?

येईल. इनलाइन न झालेली पण कोट्यवधी वेळा बोलावली जाणारी छोटी फंक्शन असतील तर `एमकाउंट`चा खर्च त्यांच्या खऱ्या कामापेक्षा जास्त होतो आणि ती उगाच महाग दिसतात. हव्या त्याच फाइली `-पीजी`ने कंपाइल करा आणि लिंक करताना मात्र ते ठेवा. किंवा नकोशा फंक्शनवर `नो_इन्स्ट्रुमेंट_फंक्शन` ॲट्रिब्यूट लावा.

16. मॅक आणि विंडोजवर काय?

मॅकवर जीप्रॉफचा नाद सोडा. `-ओ2 -जी`ने बिल्ड करा, डीबगची माहिती ठेवणारी डीसिम फाइल नसेल तर `डीसिमयुटिल`ने बनवा आणि इन्स्ट्रुमेंट्समधला टाइम प्रोफाइलर वापरा. व्हिज्युअल स्टुडिओत कंपाइलरला `/झेडआय` आणि लिंकरला `/डीबग` द्या. मात्र `/डीबग` दिलं की न वापरलेला कोड वगळण्याची लिंकरची सवय बंद होते, म्हणून `/ऑप्ट:रेफ` पुन्हा सांगावं लागतं.

17. `-एफप्रोफाइल-जनरेट` आणि `--कव्हरेज` यांतही प्रोफाइल आहे. ते वापरू का?

त्यांची कामं वेगळी आहेत. `-एफप्रोफाइल-जनरेट`ने बनलेला प्रोग्रॅम चालताना कुठली फांदी किती वेळा घेतली ते टिपून ठेवतो. ती माहिती पुढच्या कंपाइलला `-एफप्रोफाइल-यूज`मधून द्यायची, म्हणजे कंपाइलर जास्त चांगला कोड काढतो. तिचा वाचक माणूस नाही, कंपाइलर आहे. `--कव्हरेज` हे टेस्टमध्ये कुठल्या ओळी चालल्या ते बघण्यासाठी. वेळ कुठे जातो ते या दोन्हींतून कळत नाही.

18. ग्राहकाकडे जाणारी बायनरी स्ट्रिप केलेली, म्हणजे नावं आणि डीबगची माहिती काढून टाकलेली असते. तिचं प्रोफाइल घेता येईल का?

येईल, आधीच तजवीज केली असेल तर. `-जी`ने बिल्ड करा, `ऑबजेकॉपी`च्या `--ओन्ली-कीप-डीबग`ने डीबगची माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढा, मग बायनरी स्ट्रिप करा आणि `--ॲड-ग्नू-डीबगलिंक`ने दोघांची गाठ मारा. ग्राहकाकडे स्ट्रिप केलेली बायनरी जाते, डीबग फाइल तुमच्याकडे राहते. तिकडून पर्फचा डेटा आला की इथे नावं लावता येतात. बायनरीतल्या बिल्ड-आयडीमुळे कुठली डीबग फाइल कुठल्या बायनरीची ते ओळखता येतं, म्हणून प्रत्येक रिलीजची डीबग फाइल जपून ठेवा. नंतर त्याच सोर्समधून पुन्हा बिल्ड केलं तर पत्ते तेच येतील याची खात्री नसते. कंपाइलरची आवृत्ती जरा पुढेमागे झाली तरी ते सरकतात.